मशिदीच्या घुमटातले जबूरचे पान

कुरआन शरीफची पाने जीर्ण झाली की त्यांचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक मुस्लिम वस्तीला पडतो. ती केरात टाकता येत नाहीत, रद्दीत देता येत नाहीत. कोणी कब्रस्तानात स्वच्छ जागी दफन करतो, कोणी वाहत्या पाण्यात सोडतो. आम्ही हर्णेची माणसे समुद्राकाठची. आमच्याकडे ही पाने ‘थंड’ केली जातात ती दर्यात. मशिदीच्या कोपऱ्यात एक पेटी असते. फाटलेले सिपारे, जुने कायदे, लग्नपत्रिकांवरच्या आयती, मागच्या वर्षीचे रमजानचे वेळापत्रक, असे अल्लाहचे नाव असलेले जे काही असेल ते लोक तिच्यात आणून ठेवतात. पेटी भरली की सारे गोण्यांत भरायचे, होडीत घालायचे, सुवर्णदुर्गाच्या पलीकडे खोल पाण्यात न्यायचे आणि दगड बांधून सोडून द्यायचे.

काही वर्षांपूर्वी अशा एका फेरीला मीही गेलो होतो. गोणीचे तोंड बांधण्यापूर्वी पाने नीट रचत असताना वहीचे एक पिवळे पडलेले पान हाती लागले. वर अरबीत दुआ होती आणि खाली उर्दू अक्षरांत चार ओळी. मी उर्दू शाळेचा शिक्षक. सवयीने वाचू लागलो आणि अडखळलो. अक्षरे उर्दू होती, पण भाषा उर्दू नव्हती. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचले तेव्हा वल्ह्यावरचा म्हातारा तांडेल हसला. म्हणाला, “मास्तर, ही तर आपली कोकणी.”

खरेच होते. कोणा आईने किंवा फुफीने त्या दुआचा अर्थ मुलांना कळावा म्हणून आपल्या घरच्या बोलीत लिहून ठेवला होता. लिपी तिला मदरशात मिळाली होती, भाषा चुलीपाशी. मी ते पान पुन्हा पाहिले, चुंबन घेतले आणि गोणीत ठेवले. त्या वेळी तेच अदबीचे वाटले. गोणी खाली गेली, वर चार बुडबुडे आले आणि आम्ही परतलो.

पुढे दमिश्कच्या जामा मशिदीत सापडलेल्या एका फाटक्या पानाची हकीकत वाचनात आली, तेव्हा त्या बुडबुड्यांची आठवण झाली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

दमिश्कचा खजिना

दमिश्कची उमय्यद मशीद खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक यांनी इ. स. ७०६ ते ७१५ या काळात उभारली. त्या जागी पूर्वी हजरत याह्या, म्हणजे ख्रिस्ती ज्यांना बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात, त्यांच्या नावाचे चर्च होते आणि त्याही आधी रोमन लोकांचे ज्युपिटरचे मंदिर. आजही मशिदीच्या आत हजरत याह्यांचा मकाम आहे आणि मुसलमानांबरोबर ख्रिस्ती यात्रेकरूही तेथे येतात.

मशिदीच्या प्रशस्त सहनात पश्चिमेकडे आठ खांबांवर उचललेली एक छोटी अष्टकोनी इमारत आहे. खांब जुन्या रोमन इमारतींतले आहेत, वर घुमट आहे आणि भिंतींवर सोनेरी-हिरव्या काचतुकड्यांची नक्षी. तिचे नाव ‘कुब्बतुल खजना’, खजिन्याचा घुमट. अब्बासी काळात, इ. स. ७८९ मध्ये, दमिश्कचे सुभेदार फज्ल बिन सालेह यांनी ती बांधली असे सांगतात. तिला जमिनीवरून जिना नाही. शिडी लावल्याशिवाय वर जाता येत नाही, कारण तेथे बैतुलमालचा पैसा ठेवत असत.

पुढे पैसा गेला, पण घुमट रिकामा राहिला नाही. शतकानुशतके तेथे जीर्ण झालेली पाने ठेवली जाऊ लागली. आमच्या मशिदीच्या कोपऱ्यातली पेटी आणि हा घुमट, दोघांचे काम एकच. फरक इतकाच की दमिश्कजवळ समुद्र नाही. तेथली पेटी कधी बुडवली गेली नाही. ती भरत गेली आणि बंद राहिली.

१८९८ साली जर्मनीचा बादशहा दुसरा विल्हेल्म दमिश्कला आला. त्यानंतर जर्मन अभ्यासकांना घुमट उघडून पाहण्याची परवानगी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्याकडून मिळाली. बर्लिनचे धर्मशास्त्रज्ञ हेर्मान फॉन झोडेन त्या काळी इंजीलच्या ग्रीक पाठाची जुनी हस्तलिखिते शोधत होते. त्यांच्या खटपटीने ब्रूनो फायोलेट हा तरुण अभ्यासक १९०० साली दमिश्कला आला आणि पुढील वर्षापर्यंत त्याने पाने निवडण्याचे काम केले.

आतून जे निघाले ते पाहून सारेच थक्क झाले. सर्वात मोठा भाग अर्थातच कुरआनच्या पानांचा होता, त्यात पहिल्या हिजरी शतकांतली चर्मपत्रे होती. पण त्यांच्यात मिसळून ग्रीक, लॅटिन, सुर्यानी, कॉप्टिक, इब्रानी, शोमरोनी, आर्मेनियन, जॉर्जियन, एवढेच नव्हे तर क्रुसेडच्या काळातील जुन्या फ्रेंच भाषेतले तुकडेही होते. तौरात, जबूर आणि इंजील यांची पाने मशिदीच्या घुमटात कुरआनच्या पानांना लागून पडून होती.

ती तेथे कशी आली, याबद्दल अभ्यासकांचे वेगवेगळे तर्क आहेत. कोणी म्हणतात, जुने चर्मपत्र पुन्हा वापरण्यासाठी बाजारात येई, त्यातून आली. कोणी लढायांच्या धामधुमीकडे बोट दाखवतात. आपल्याला या गोष्टीची मोठी बढाई मारण्याचे कारण नाही. ही पाने उदारपणामुळे जपली गेली की कोणी लक्षच दिले नाही म्हणून राहिली, याचा निवाडा नको. एवढे मात्र खरे की हजार वर्षांत त्या घुमटाशी ज्यांचा संबंध आला, त्यांनी ती पाने जाळली नाहीत आणि भिरकावली नाहीत.

मुसलमानेतर लिखाण काही काळ बर्लिनला उसने नेण्यात आले, तेथे त्याची छायाचित्रे काढली गेली आणि पहिल्या महायुद्धापूर्वी ते उस्मानी सरकारला परत करण्यात आले. कुरआनची पाने महायुद्धाच्या काळात इस्तंबूलला हलवण्यात आली. तेथील तुर्की व इस्लामी कला संग्रहालयात ‘शामचे कागद’ या नावाने ठेवलेली ही पाने सुमारे दोन लाख आहेत.

जी परत गेली त्यांचे काय झाले? इंजीलच्या ग्रीक हस्तलिखितांना जगभर क्रमांक दिलेले आहेत. त्या यादीत ०१४४ ते ०१४७ हे चार क्रमांक याच घुमटातल्या तुकड्यांचे आहेत. ते सहाव्या ते आठव्या शतकातले मानले जातात. ०१४६ हा आठव्या शतकातला तुकडा मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाच्या मोजक्या ओळींचा आहे. दोन शिष्य हजरत ईसांकडे मानाची जागा मागतात आणि ज्याला मोठे व्हायचे त्याने आधी सेवक व्हावे असे उत्तर त्यांना मिळते, तो हा प्रसंग. यादीत या चारही तुकड्यांपुढे ‘पूर्वी दमिश्क, कुब्बतुल खजना’ अशी नोंद आहे आणि आजचे ठिकाण अज्ञात आहे. क्रमांक शिल्लक आहे, पान नाही.

दोन रकाने, एक गोष्ट

या ढिगातला सर्वात नवलाचा तुकडा फायोलेटने १९०१ साली प्रसिद्ध केला. तो जबूरचा आहे. जबूर म्हणजे हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना दिलेला ग्रंथ. कुरआनमध्ये सूरह निसा (आयत १६३) आणि सूरह बनी इस्राईल (आयत ५५) येथे त्याचा नावाने उल्लेख आहे. ख्रिस्ती लोक त्याला स्तोत्रसंहिता म्हणतात. दमिश्कच्या तुकड्यावर ७८व्या स्तोत्राचे दोन भाग उरले आहेत. ग्रीक बायबलच्या गणतीत हेच स्तोत्र ७७वे आहे.

पानावर दोन रकाने आहेत. डाव्या रकान्यात ग्रीक पाठ आहे. उजव्या रकान्यात त्याचा अरबी तर्जुमा आहे, पण अक्षरे अरबी नाहीत. अरबी भाषा ग्रीक अक्षरांत लिहिलेली आहे. लिहिणारा अरबी बोलत होता, त्याच्या ऐकणाऱ्यांना अरबी कळत होती, पण त्याच्या हाताला वळण होते ते ग्रीक अक्षरांचे.

आणि त्या उरलेल्या ओळींत आहे काय? बनी इस्राईल रानात भटकत असताना खडकातून पाणी फुटते, तरी ते कुरकुरतात की आम्हाला भाकरी कोण देणार. मग आकाशातून मन्न उतरते आणि पक्ष्यांचे थवे येऊन पडतात. आपल्यापैकी ज्याने लहानपणी मौलवीसाहेबांसमोर सूरह बकरा वाचली आहे, त्याला ५७वी आणि ६०वी आयत लगेच आठवेल. मन्न आणि सल्वा हीच ती गोष्ट. मशिदीच्या घुमटात इकडे कुरआनच्या पानावर आणि तिकडे जबूरच्या पानावर एकच हकीकत दोन भाषांत आणि दोन लिपींत हजार वर्षे शेजारी पडून होती.

तुकड्याचा काळ फायोलेटने आठव्या शतकाच्या अखेरीचा मानला आणि आजही बहुतेक अभ्यासक आठवे-नववे शतक म्हणतात. काहींनी त्याला इस्लामपूर्व काळात नेण्याचाही प्रयत्न केला. २०२० साली अहमद अल-जल्लाद या भाषातज्ज्ञाने या दीड पानावर एक पूर्ण पुस्तक लिहिले. एवढ्याशा तुकड्यावर एवढे मोठे पुस्तक का?

कारण असे. त्या काळी अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसत. जेर, जबर, पेश या खुणा पुढे रुळल्या. ‘कतब’ अशी तीन व्यंजने लिहिली की वाचणारा आपल्या माहितीवरून स्वर भरून घेई. साहजिकच जुन्या अरबी कागदांवरून लोक बोलताना शब्द कसा उच्चारीत, हे नीट कळत नाही. ग्रीक लिपीत मात्र स्वर लिहावेच लागतात. त्यामुळे या ख्रिस्ती लेखकाने नकळत आपल्या काळच्या अरबी बोलीचा आवाजच टिपून ठेवला. ‘अ’ कोठे ‘ए’कडे झुकत होता, ज्याला कारी लोक इमाला म्हणतात, ते त्यातून दिसते. व्याकरणातली एराबची शेवटची हरकत बोलण्यातून बहुतांशी गळून गेली होती, हेही दिसते. मदरशात आपण जी अरबी शिकतो ती आणि रस्त्यावरची अरबी यांत तेव्हाही अंतर होते.

गंमत म्हणजे ग्रीक अक्षरांचीही पंचाईत झालीच. ऐन, हलकातून येणारी ‘हे’, स्वाद, ज्वाद यांना ग्रीकमध्ये स्वतंत्र अक्षरे नाहीत. प्रत्येक लिपी दुसऱ्या भाषेचे थोडे उघड करते, थोडे झाकते.

एका भाषेला दुसरीची अक्षरे

असे का लिहिले असेल? शामचे ते ख्रिस्ती प्रार्थनेत ग्रीक वापरीत. सातव्या शतकाच्या शेवटापर्यंत दमिश्कच्या दिवाणखान्यातले हिशेबही ग्रीकमध्येच लिहिले जात. खलिफा अब्दुल मलिक (इ. स. ६८५ ते ७०५) यांच्या काळात दफ्तर अरबीत गेले. कचेरीची भाषा बदलली, बाजाराची बदलली, हळूहळू घरचीही बदलली. ग्रीक मुलांना कळेनाशी झाली, पण अक्षरे हाताशी होती.

दोन भाषांनी एका कागदावर नांदणे ही त्या जगात नवी गोष्ट नव्हती. ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक पपायरस आहे. तो हिजरी २२ चा, म्हणजे इ. स. ६४३ चा, हजरत उमर फारूक यांच्या खिलाफतीतला आहे. मिसरमध्ये मुस्लिम सैन्याला दिलेल्या ६५ मेंढ्यांची ती पावती आहे. वर ग्रीक, खाली अरबी. पावती घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही कळावे एवढाच हेतू.

कैरोच्या बेन एज्रा सिनेगॉगमध्येही अशीच एक कोठडी होती. देवाचे नाव असलेला कागद टाकायचा नाही, ही चाल यहुदी लोकांतही आहे. अशा कोठडीला ते गेनिझा म्हणतात. १८९६ नंतर केंब्रिजचे सॉलोमन शेख्टर यांनी तेथले कागद अभ्यासासाठी नेले. एकूण तीन लाखांहून अधिक तुकडे आज जगभर विखुरले आहेत. त्यांतले पुष्कळसे अरबी भाषेत आणि इब्रानी अक्षरांत आहेत. आपल्या किनाऱ्याशी त्यांचा थेट संबंध आहे. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा व्यापारी मंगळूरला बरीच वर्षे राहिला. मिरी, लोखंड आणि पितळी भांडी यांच्या व्यापाराची त्याची पत्रे त्या कोठडीत सापडली. त्याच समुद्रावरून, आमच्या किनाऱ्यासमोरून, अरबांची गलबते ये-जा करीत होती. आमच्या कोकणी मुसलमानांची वस्ती त्याच ये-जातून वाढली.

तूर पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनचा मठ आहे. जगातले अत्यंत जुने ग्रीक बायबल, चौथ्या शतकातले, तेथे होते. आज त्याची पाने लंडन, लायप्झिग, सेंट पीटर्सबर्ग आणि खुद्द मठ अशी चार ठिकाणी विभागली आहेत. १९७५ साली मठाच्या एका बुजलेल्या खोलीत आणखी तुकडे मिळाले. या मठाच्या आवारात फातिमी काळापासून एक मशीद आहे आणि हुजूर (स.) यांनी आपल्याला अभय दिले होते असे मठवासी परंपरेने सांगतात. मशिदीत जबूर आणि मठात मशीद! इतिहास शाळेच्या पुस्तकापेक्षा गुंतागुंतीचा असतो, तो असा.

आपल्या कुरआनच्या पानांचीही कथा निराळी नाही. १९७२ साली यमनमध्ये सनाच्या मोठ्या मशिदीची डागडुजी करताना छतावरच्या पोकळीत हजारो जुनी पाने मिळाली. बर्मिंगहॅम विद्यापीठात दोन पाने दुसऱ्याच एका हस्तलिखितात चुकून बांधली गेली होती आणि अनेक दशके तशीच होती. २०१५ साली त्यांच्या चर्मपत्राची कार्बन तपासणी जाहीर झाली; काळ निघाला इ. स. ५६८ ते ६४५ च्या दरम्यानचा. हे चर्मपत्र ज्या जनावराचे, ते कदाचित हुजूर (स.) यांच्या हयातीत चरत असेल. दोनच पाने, पण जगभरच्या मुसलमानांचे डोळे ओले झाले. कोणीतरी ती टाकली नाहीत, म्हणून.

राशोलचा छापखाना

मराठीत असे काही झाले का? झाले, आणि आमच्या शेजारच्या गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. तौरात आणि इंजीलमधील कथा त्याने मराठी ओवीत रचल्या. ते ‘क्रिस्तपुराण’. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ राशोल येथे १६१६ साली छापला गेला, पुन्हा १६४९ आणि १६५४ साली छापला गेला. भाषा मराठी, वळण पुराणाचे, आणि लिपी? रोमन! देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. दमिश्कच्या लेखकाने अरबीला ग्रीक अक्षरे दिली, राशोलच्या छापखान्याने मराठीला रोमन अक्षरे दिली.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. पाद्र्यांच्या आधीच्या पिढीने जी भाषा मेहनतीने शिकली, तिलाच पुढच्या सत्तेने नकोसे केले. आज त्या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ उरला, तो लोकांनी घराघरांत केलेल्या हस्तलिखित नकलांमुळे. अशा नकलांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये मार्सडेन संग्रहात त्याचे देवनागरी हस्तलिखितही आहे. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा सामान्य मराठी वाचकाला तो वाचता आला. छापखाना हरला आणि वही जिंकली, असे क्वचित घडते.

कोकणातल्या बेने इस्राईल समाजाचीही आठवण येथे ठेवली पाहिजे. पोथ्या हरवल्या, भाषा मराठी झाली, तरी ‘शेमा’ ही एक प्रार्थना आमच्या पूर्वजांच्या तोंडी टिकून राहिली असे ते सांगतात. तुकडा चर्मपत्राचाच असतो असे नाही. तो जिभेवरचाही असतो. १८४६ साली मुंबईत त्यांच्या सणाची इब्रानी-मराठी पोथी शिळाछापावर निघाली. तिच्यातही दोन भाषा एका पानावर आहेत.

आमच्या वर्गातले पान

आता पुन्हा हर्णेकडे येतो. आमच्या वर्गातला मुलगा दिवसात चार भाषांतून फिरतो. घरी कोकणी, शाळेत उर्दू, मदरशात अरबी, बाजारात आणि कचेरीत मराठी. जनगणनेचा माणूस दारी आला की ‘मातृभाषा?’ या प्रश्नावर घरात क्षणभर शांतता पसरते. कोणी उर्दू म्हणतो, कोणी मराठी. कोकणी म्हणावे तर ती ‘भाषा’ आहे की नाही याचीच शंका. उर्दू साहित्यात आम्ही कोकणातले म्हणून कडेला आणि मराठी साहित्यात मुसलमान म्हणून कडेला. या वार्षिकाच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

एकदा निबंधात एका मुलाने आपल्या बापाच्या होडीबद्दल लिहिताना अर्धी वाक्ये कोकणीत लिहिली होती, उर्दू अक्षरांत. मी लाल शाईने सगळी खोडली आणि ‘गलत’ असा शेरा मारला. परीक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण दमिश्कच्या त्या लेखकाची वही तपासायला कोणी माझ्यासारखा मास्तर असता, तर त्यानेही तेच केले असते आणि जगाला आठव्या शतकातल्या अरबीचा आवाज कधी ऐकू आला नसता.

उर्दू लिपीत मराठीचा ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. त्यामुळे होडीतल्या त्या पानावर लाम आणि नून होते. लिहिणारी बाई ‘डोळे’ म्हणत होती की ‘डोले’, ‘पाणी’ म्हणत होती की ‘पानी’, हे पानावरून कळले नसते. पण आमच्या आज्या कोणते शब्द वापरीत, अल्लाहशी कोणत्या क्रियापदांनी बोलत, हे कळले असते. इतिहास केवळ सुवर्णदुर्गाच्या तटाचा नसतो. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो किल्ला घेतला, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. त्याच वर्षी किल्ल्यासमोरच्या मोहल्ल्यात बायका कोणत्या भाषेत दुआ मागत होत्या, हे सांगणारा कागद आमच्यापाशी नाही. जो असेल तो गोणीत असेल.

आणि लिप्या अजूनही बदलत आहेत. आजची मुले मोबाइलवर कोकणी लिहितात ती रोमन अक्षरांत. मोठी माणसे नाक मुरडतात. मीही मुरडत असे. आता वाटते, हेही दमिश्कचेच पान आहे. भाषा जिवंत असली की हाताशी येईल ती लिपी ती पांघरते.

गोणी बांधण्याआधी

म्हणून वडीलधाऱ्यांना आणि जमातीच्या मंडळींना माझी विनंती आहे. पाने थंड करण्याची आपली रीत चांगली आहे. तिच्यात कलामाचा अदब आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण गोणी बांधण्याआधी कोणी जाणत्याने एकदा पाने चाळावीत. छापील सिपारे खुशाल दर्यात जावोत; त्यांच्या हजारो प्रती आहेत. हाताने लिहिलेले जे काही असेल ते बाजूला काढावे. जुन्या वह्या, नात आणि मर्सिये, निकाहनामे, अफ्रिकेतून किंवा आखातातून आलेली पत्रे, हकिमाच्या चिठ्ठ्या, गलबताचे हिशेब, यांत कोणती भाषा कोणत्या लिपीत बसली आहे हे पाहावे. पानाला चिकटपट्टी लावू नये, तेल-अत्तर लावू नये. सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावे. कोणत्या घरातून आले, कोणत्या गावचे, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. मोबाइलने छायाचित्र घ्यावे. दमिश्कच्या जबूरचा अभ्यास आज छायाचित्रांवरूनच चालतो. तो काळा-पांढरा फोटो नसता तर दोन रकान्यांची ती गोष्टच उरली नसती.

हे काही आपल्या परंपरेबाहेरचे नाही. माहीमचे हजरत मखदूम फकीह अली माहिमी (निधन १४३१) हे कोकण किनाऱ्याचेच. त्यांची ‘तबसीरुर्रहमान’ ही अरबी तफसीर शतकानुशतके हातांनी उतरवली गेली, तेव्हाच ती छापखान्यापर्यंत पोहोचली. मुंबईच्या जामा मशिदीच्या कुतुबखान्यात कोकणी घराण्यांनी जपलेली अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखिते आहेत. आमच्या बापजाद्यांना कागदाची किंमत कळत होती. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरच्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. त्या कोटीत आमच्या मोहल्ल्यातले एक पान असावे, अशी इच्छा धरणे फार नाही.

ज्या स्तोत्राचा तुकडा दमिश्कला सापडला, त्याच्या सुरुवातीला हजरत दाऊदांच्या परंपरेतला कवी सांगतो की वडिलांकडून जे ऐकले ते येणाऱ्या पिढीपासून लपवायचे नाही. या ओळी त्या पानावर उरलेल्या नाहीत. तो भाग फाटून गेला आहे. पण उरलेल्या अर्ध्याने तेच काम केले.

मागच्या रमजानच्या आधी पेटी पुन्हा भरली. या वेळी मी गोणीपाशी बसलो, मुलांनाही बोलावले. अकरा हस्तलिखित कागद वेगळे निघाले. त्यांतले नऊ उर्दूत, एक फारसीत. अकरावा एका आजीने लिहिलेला रोट-शिरणीच्या सामानाचा हिशेब होता. अक्षरे उर्दू, बोली कोकणी. ज्याच्या निबंधावर मी ‘गलत’ लिहिले होते, त्यानेच तो वाचून दाखवला. एकदाही अडखळला नाही.